निळे मास्क

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात जयंती घरातल्या घरात झाली आणि पताकांसाठी आणलेलं निळं कापड तसंच पडून राहिलं. आमची धाकटी जाऊ आशा वर्कर. टोकावड्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवर घरोघर फिरून ताप-खोकल्याची चौकशी करायची, आणि तोंडाला काय, तर साडीचा पदर! मास्क कुठं मिळतच नव्हते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांब गो, मी शिवते.

दुकानं बंद, इलॅस्टिक कुठून आणणार? परकराच्या नाड्या कापून लावल्या. नवं कापड आधी भिजवून घ्यायचं असतं, एवढं मला कळतं. पण तिच्याबरोबरच्या बायका सकाळीच दारात उभ्या, भिजवत कोण बसतंय! दिले तसेच.

ती घरी आली की पडवीतच जेवायची, तिथंच झोपायची. तिची लहान पोरगी आईकडे जायला धडपडायची आणि मी तिला ओढून धरायची. रोज रडारड. हिला काय झालं तर या पोरीला काय सांगायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती. "ओठ निळे पडले तर लगेच कळवा," असं ती गावभर सांगायची, ते माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं.

एका दुपारी ती उन्हातून आली, ओट्यावर मटकन बसली आणि मास्क खाली ओढला. ओठ निळे! हनुवटीसुद्धा! "आई गो! ओठ बघा हिचे!" मी किंचाळले. तिचा नवरा शेजाऱ्याची गाडी बघायला पळाला. कसलं अंतर नि कसलं काय, मी धावत जाऊन तिला धरलं.

"ताई, मला काय पण नाय झालं. पाणी दे आधी."

मी पदरानं तिचं तोंड पुसलं, तर पदर निळा. घामानं कापडाचा रंग सुटला होता.

मेली हसत सुटली. मी तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि तिच्याच गळ्यात पडून ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. "लांब हो ना, आंघोळ तरी करू दे," ती ओरडत होती. आरडाओरडा ऐकून पोरगी आतून धावत आली. या वेळी मी तिला अडवलं नाही.