ओल्या चादरीमागे

पडदा वर जातो, तर आत आणखी एक पडदा. पांढरी सुती चादर, दोन खोल्यांमधल्या दाराच्या चौकटीला खिळ्यांवर टांगलेली, नखशिखांत भिजलेली. खाली ठिबकणारं पाणी झेलायला एक घमेलं. चादरीच्या अलीकडे पुढची खोली, आणि खोलीत धुकं. नीट पाहिलं तर कळतं की धुकं नाही, कापूस आहे. त्यात उकिडवा बसलेला एक माणूस पिंजण चालवतो आहे. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं धनुष्यच. त्याची तार कापसाच्या ढिगात धरून लाकडी ठोकळ्याने छेडायची, की गाठी सुटतात आणि कापूस फुलून वर येतो. माणसाच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा पांढरी लव. बघणारा म्हणेल सत्तरीचा असावा. तोंड धुतलं की चाळिशीचा निघायचा.

हा गादीवाला. चादरीच्या पलीकडे, मागच्या खोलीत, त्याची बायको रजईला टाके घालते आहे. तिच्या शेजारी भिंतीला टेकून त्यांची नऊ वर्षांची मुलगी श्वास घेते आहे. हे वेगळं सांगावं लागतं, कारण त्या घरात श्वास घेणं हेही एक काम होतं, आणि तिघांच्या कामांत सगळ्यात मेहनतीचं तेच.

मुलीचं खरं नाव शाळेपुरतं. तान्ही असताना पहिल्या सर्दीत तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजली, तेव्हा बाप कौतुकाने म्हणाला होता, घ्या, आपल्याकडे पिपाणी जन्माला आली. तेव्हापासून ती पिपाणी. त्या शिट्टीला दमा म्हणतात हे पुढे कळलं, पण तोवर नाव अंगाला चिकटलं होतं. आईने ते बदलायचा प्रयत्न केला, तर पोरगीच ऐकेना.

या घराचं वर्ष हवामानावर चालायचं. उन्हाळाभर गादीवाला दारासमोर गल्लीत पिंजण मांडायचा. वारा कापूस उडवून न्यायचा, समोरच्या न्हाव्याच्या आरशावर नेऊन बसवायचा. न्हावी ओरडायचा, "अरे, मी दिवसभर लोकांच्या डोक्यावरचं उतरवतो आणि तू परत चढवतोस!" पावसाळ्यात पिंजण बंद, जुन्या गाद्या उसवणं, खोळी शिवणं असली हातकामं. मग पाऊस जायचा, कोरडी थंडी पडायची, आणि सगळ्या गावाला एका आठवड्यात आठवायचं की आपली रजई फाटली आहे. तो त्याचा सुगीचा काळ. वर्षाची चूल त्या थंडीवर पेटायची. पण त्याच थंडीत पिपाणीची छाती बसायची. बाप पाहुण्याची वाट बघावी तशी थंडीची वाट बघायचा, आणि लेक पांघरुणात तोंड खुपसून म्हणायची, "बाबा, तुझी थंडी आली."

तरी आजवर निभलं होतं, कारण थंडी कोरडी असायची आणि पिंजण बाहेर असायचं.

त्या वर्षी पाऊस गेलाच नाही. जायची वेळ झाली तरी बूड हलवीना. थंडी आपली ठरल्या वेळी आली, आणि दोघांनी मिळून गावात बिऱ्हाड थाटलं. लोक कुडकुडायला लागले. दाराशी जुन्या रजयांची गाठोडी येऊन पडली. गल्लीत पिंजावं तर कापूस भिजून लगदा होणार. गादीवाल्याने न्हाव्याला विचारलं, तुझ्या पडवीत दोन-तीन तास बसू दे. न्हाव्याचा जीव तुटला, पण तो म्हणाला, "बाबा रे, गालावर साबण, साबणावर कापूस. वस्तरा फिरवू कुठे?" तेही खरंच होतं.

म्हणून पिंजण घरात आलं. आणि त्याबरोबर चादर आली.

ही चादरीची युक्ती त्याच्या बापाची. घरात पिंजायची वेळ आलीच, तर मधल्या दाराला ओलं फडकं लावायचं. उडालेली लव त्यावर चिकटते, आतल्या अन्नात पडत नाही. गादीवाल्याने ती पोरीसाठी कामाला लावली. हात आखडेपर्यंत पिंजायचा, मग उठून बादलीभर पाणी चादरीवर मारायचा, मग पुन्हा पिंजायचा. चादर कोरडी पडू द्यायची नाही, हा त्याचा नेम. पिपाणीला जास्त लागलं, की तो आणखी भिजवायचा. तरी लागलं, तर एकीवर दुसरी चादर घालायचा. पोरीची शिट्टी वाढत गेली आणि बापाच्या बादल्याही वाढत गेल्या. शेवटी ती बसून झोपायला लागली. आडवं झालं की तिच्या गळ्याखालची खळी आत ओढली जायची, इतकी, की आई तिकडे बघायची नाही.

तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने तरुण, बोलायला शांत. त्यांनी नळी लावून पोरीची छाती-पाठ तपासली, वाफ दिली, फवाऱ्याचं औषध दिलं, आणि मग विचारलं की ही झोपते कुठे, दिवसभर असते कुठे.

गादीवाला या प्रश्नाचीच वाट बघत होता. आपण पोरीसाठी काय काय करतो हे आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने सगळं रंगवून सांगितलं: मधलं दार, बापाची युक्ती, दोन चादरी, रात्री उठून उठून मारलेलं पाणी. कापसाचा एक तंतू आत जात नाही, म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्या चादरीला वास येतो का?"

गादीवाल्याने बायकोकडे पाहिलं. लहानपणापासून कापसात बसून त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. त्याला दूध नासलेलं कळत नसे, मग चादरीचं काय कळणार?

"येतो," बायको म्हणाली. "कुबट. केव्हापासूनचा. मी म्हटलं होतं ह्यांना."

म्हटलं होतं खरं. त्याला वाटलं होतं, ती जुन्या गाठोड्यांबद्दल बोलते आहे.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सावकाश समजावलं, की कापूस वाईटच, पण अशा छातीला बुरशी त्याहून वाईट. या हवेत भिंती आधीच ओल्या. त्यात तुम्ही चादरीने मागच्या खोलीचं तोंड बांधलंत आणि दिवसरात्र पाणी मारलंत. पोरीला कोरड्या जागी हलवा, लवकर. कापसाची रजई अंगावर नको, गादीही नको.

घरी येऊन त्याने चादर ओढून काढली. खिळ्यासकट आली. दिवसाचा उजेड बऱ्याच दिवसांनी मागच्या खोलीत शिरला, आणि पिपाणी जिथे टेकून बसायची ती भिंत त्याला दिसली. खालपासून खांद्याच्या उंचीपर्यंत काळी. ठिपके, मग डाग, मग सगळाच काळोख.

"तो उंट आहे, बाबा," पिपाणी म्हणाली. दोन शब्दांच्या मध्ये तिला थांबावं लागत होतं. "आणि त्याच्या मागे... दोन पोरं चाललीत. आधी एकच होतं."

गादीवाल्याने त्या भिंतीवर चुन्याचं पाणी ओतलं, काथ्याने घासलं, मग काथ्या टाकून नुसत्या हातांनी घासलं. उंट गेला. भिंत मात्र वाळेना. बाहेर पाऊस, आत ओल, आणि दारात कुणीतरी उभं राहून विचारत होतं की आमची रजई झाली का, घरात म्हातारी गारठली आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने थंडीला शिवी घातली, तीही मनातल्या मनात, कारण पोरगी ऐकत होती.

रात्रभर नवरा-बायको बोलले आणि एकाच जागी फिरत राहिले. ती म्हणाली, पिंजण बंद करा. तो म्हणाला, बंद करतो, मग उरलेलं वर्ष कशावर काढायचं ते तू सांग. चादर लावली तर ओल, काढली तर कापूस. सकाळी तो अंघोळ करून, भुवया नीट विंचरून, बाजारातल्या फोमच्या गाद्यांच्या मोठ्या दुकानात गेला आणि काम मागितलं. दुकानदार त्याला ओळखत होता. हसून म्हणाला, "मामा, तुम्ही इथे आलात तर माझ्याशी भांडणार कोण?" मग हसू आवरून म्हणाला, की इथे गाद्या गाडीतून उतरतात आणि गाडीत चढतात, त्याला तिशीच्या आतली पाठ लागते. गादीवाला परत आला तो काखेत एक कारखान्यातलं ब्लँकेट घेऊन. कापसाचा एक धागा नसलेलं, गुळगुळीत, हिरवं. गावाला पांघरूण घालणाऱ्या माणसाने आपल्या लेकीसाठी विकत आणलेलं ते पहिलं पांघरूण. बायकोने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि त्याचे टाके किती वाईट आहेत हे सांगायचं टाळलं.

तिनेच शेवटी ठरवलं. तिची बहीण वरच्या अंगाला, उघड्या माळावर राहायची. तिथे पाऊस कमी, हवा कोरडी. पोरीला घेऊन मी तिकडे जाते, म्हणाली, पाऊस जाईपर्यंत. टाके तुम्ही घाला.

"मला तुझ्यासारखे येत नाहीत."

"मग लोक वाकड्या टाक्यांखाली झोपतील. मरणार नाहीत."

बसपर्यंत त्याने पिपाणीला पाठुंगळी घेतलं. नऊ वर्षांची पोर, पण धड ओझं लागेना. तिने मावशीच्या घरी शेळी आहे का विचारलं, आणि शेळी आपल्याला ओळखेल का विचारलं, आणि मग वाऱ्याला तोंड देऊन बोलणं तिला जमेना. बसमध्ये आईने तिला हिरव्या ब्लँकेटात गुंडाळून मांडीवर घेतलं. कधी परत यायचं हे पोरीने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ऋतूच्या भरवशावर शब्द देणारा माणूस तो राहिला नव्हता.

घरी येऊन त्याने मधलं दार सताड उघडं टाकलं आणि पिंजायला बसला. आता कापूस कुठेही जावो. तो मागच्या खोलीत गेला, चुलीवर बसला, पोरीच्या पाटी-दप्तरावर बसला. दिवस मावळायला आला तेव्हा दोन्ही खोल्या एकसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. न्हावी दुकान बंद करून डोकावला, चहाचा पेला उंबऱ्यावर ठेवून, एकही विनोद न करता निघून गेला. आजवर असं झालं नव्हतं. गादीवाल्याला त्याचीच भीती वाटली.

मग फोन वाजला. बायको होती. पोचलो म्हणाली. पोरीला बस लागली नाही, बहीण न्यायला आली होती, पोरीने दोन घास खाल्ले. सगळं एका दमात, एका सुरात, पाठ केल्यासारखं.

त्याने विचारलं, पिपाणी कशी आहे. बरी आहे म्हणाली. मग विचारलं नसताना म्हणाली की इथेही आज सकाळपासून आभाळ आलंय. बहीण म्हणते, असं इथे कधी होत नाही.

त्याने पुन्हा विचारलं, पोरगी कशी आहे.

बरी आहे म्हटलं ना, ती म्हणाली, आणि पुढे मावशीच्या शेळीचं काहीतरी सांगू लागली. गादीवाला उठून दारापाशी गेला, पावसाचा आवाज येऊ नये म्हणून दार लावून घेतलं, आणि फोन कानाशी दाबून धरला.

"अगं, तू बोलू नकोस," तो म्हणाला. "फोन तिच्या छातीशी धर."