धुऊन टाकलेलं तेल

कुंभकोणमची मुलगी म्हटली की परगावचे लोक आधी तिचं पाऊल बघतात. हत्तीरोगाचं गाव, असं सारा जिल्हा म्हणतो. फक्त कुंभकोणमला ते ऐकायचं नसतं.

कॉलेजच्या सुट्टीत आम्ही काही विद्यार्थी नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात बिनपगारी कामाला लागलो. घरामागच्या सांडपाण्याच्या खड्ड्यांवर दर शनिवारी तेल ओतायचं. तेलाचा थर पसरला की डासांच्या अळ्या गुदमरतात. हा रोग डास पसरवतात. लहानपणी अंगात शिरतो, मोठेपणी पाय सुजवतो. इतकं सोपं आहे! आम्ही पत्रकात छापलं, घरोघर वाटलं. लोकांनी त्यात सुपारी बांधली.

माझा कामातला जोडीदार रेशीम रंगवणाऱ्यांच्या गल्लीतला. आमच्या वाट्याला माझीच गल्ली आली, तंजावरी मराठी घरांची. तिथल्या एका म्हाताऱ्या वकिलांच्या नातीला सारखा ताप यायचा, जांघेत गाठ उठायची. तिचं दुखणं आमच्या तेलानं जाणार नव्हतं. पण तिचा भाऊ अजून पाळण्यात होता, आणि पाळणा मागच्या पडवीत, खड्ड्याला लागून. त्याला वाचवता येत होतं.

आम्ही तेल ओतायचो, आणि पुढच्या शनिवारी तिथं अळ्या वळवळत असायच्या. खात्यातला साहेब डोळे बारीक करून म्हणाला, "तेल विकता की काय रे पोरांनो?"

एकदा त्या घरी तेलाचा डबा विसरला. अर्ध्या रस्त्यातून दोघं परत गेलो. वकील स्वतः पंचा नेसून विहिरीचं पाणी ओतत होते. आम्ही ज्या वाटेनं चाललो ती त्यांनी धुतली, खड्ड्याचा काठ धुतला, मग खड्ड्यातच बादल्या रिकाम्या केल्या. तेल पन्हळीतून रस्त्याच्या गटारात चाललं होतं.

"मामा, हे काय?"

"तू आपल्यातला, तुझं काही नाही रे. पण तो घरातून चालत आला ना? धुवायला नको?"

"तेल वाहून गेलं!"

"मग पुढच्या वेळी जास्त आणा. सरकारचंच आहे."

जोडीदार दारातूनच तमिळमध्ये म्हणाला, "डासांनाही जात विचारा, ऐया. तेही माझ्याच गल्लीतून येतात."

"तोंड सांभाळ! यापुढं हा एकटा येईल."

"येणार नाही," मी ओरडलो. "दोघं येऊ, नाहीतर कुणीच नाही." ओरडताना पाळणा समोर दिसत होता. तत्त्वासाठी त्या बाळाला डासांच्या तोंडी द्यायचं?

वकिलांची सून स्वयंपाकघरातून आली. तिनं डबा उचलला आणि मला नाही, माझ्या जोडीदाराला तमिळमध्ये विचारलं, "कसं ओतायचं?"

"कडेकडेनं, अक्का. हळू. आपोआप पसरतं."

"सूनबाई, स्नान करावं लागेल!"

"करीन, मामंजी."

तिनं ओतलं. घरच्या बाईनं ओतलेलं कुणी धुतलं नाही. पुढच्या शनिवारी खड्ड्यात एकही अळी नव्हती.

साहेबानं पाठ थोपटली. म्हणे, युक्ती छान काढलीत, सगळ्या घरांत हेच करा. युक्ती कसली, डोंबलाची? सुट्टी संपेपर्यंत बाळाला ताप आला नाही, याचा आनंद मला आहेच. पण तेल कसं ओतायचं ते ज्यानं शिकवलं, तो दर शनिवारी डबा उंबऱ्याबाहेर ठेवून उन्हात उभा राहायचा. आणि तो डबा आत नेण्याआधी त्यावर पाणी शिंपडलं जायचं.