वर आल्यावर काय सांगायचं

बाबांचा फोन आला तेव्हा मी कोकणातल्या माझ्या कॉलेजात, प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी काचेच्या बाटल्या विसळत होते. बाबा फोनवर कधी सरळ मुद्द्यावर येत नाहीत. जेवण झालं का, तिकडे ऊन किती, हे सगळं झालं की मग काम. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "युसूफभाई गेले, बाई. दुपारच्या नमाजनंतर माती देतीन." मी घड्याळ पाहिलं. साडेदहा. किन्हीराजाला, आमच्या गावी, पोचायला मला दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे निघाले काय नि न निघाले काय, सारखंच. मी उरलेल्या बाटल्या विसळून पालथ्या घातल्या. रडू आलं नाही, राग आला. कोणावर, ते अजून ठरलेलं नाही.

युसूफ चाचांचं मोटर दुरुस्तीचं दुकान आमच्या गावात बसथांब्याच्या बाजूला. विहिरीतली मोटर जळली की वर काढायची, वायंडिंग करायचं, परत सोडायची, असा त्यांचा धंदा. पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती त्यांच्या दमासाठी. विहिरीत बुडी मारली की इतका वेळ वर येत नसत, की काठावरची माणसं घाबरून हाका मारायला लागत. बादली पडली, चाचाला बोलवा. मोटरचा दोर तुटला, चाचाला बोलवा. माणूस पडलं तरी चाचालाच. मी चौथीत असताना माझ्या वर्गातली एक मुलगी पाणी शेंदताना विहिरीत गेली. तिलाही चाचांनीच वर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. आठ दिवसांनी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या पोट्टीले पोहणं शिकवतो. नाई म्हनू नका." बाबा म्हणाले, "पोरीले कायले पाह्यजे पोहणं?" चाचा चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "इहीर पाहते का, पोरगा हाये का पोरगी?" झालं. दुसऱ्या दिवसापासून पाठीला दोन रिकामे कॅन बांधून मी विहिरीत.

पहिले चार दिवस मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की आज आठवून लाज वाटते. नाकात पाणी, कानात पाणी, आणि हे काठावर बिडी ओढत बसलेले. "पाण्यासंग भांडू नको वं. तुले बुडवाची त्याले काई हौस नाई." कॅन सुटले, मग बुडी शिकवली. तळाशी एक पांढरा दगड टाकायचे आणि तो आणायला लावायचे. मी अर्ध्यातून परत आले की मान हलवायचे. "रिकाम्या हातानं आली तं मोजत नाई मी." दगड हातात घेऊन पहिल्यांदा वर आले त्या दिवशी त्यांनी दुकान बंद करून मला पेढा खाऊ घातला होता.

पुढे मी समुद्रातल्या जीवांचा अभ्यास घेतला. वाशीम जिल्ह्यातल्या मुलीनं समुद्राचा अभ्यास का घ्यावा, असं नातेवाईक अजून विचारतात. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी इंडोनेशियातल्या एका लहानशा बेटावर, प्रवाळांच्या संवर्धनाच्या चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली. निघण्याआधी चाचांना भेटायला गेले. प्रवाळ म्हणजे दगडासारखा दिसणारा जीव, पाणी फार तापलं की पांढरा पडतो, आणि तसंच तापत राहिलं की मरतो, एवढं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंग तुमी खाली जाऊन करता काय?"

"मोजतो. किती जिवंत, किती मेले."

"अन् वर काय आनता?"

"काई नाई. त्याले हात बी लावाचा नसते."

"घ्या," चाचा म्हणाले. "इतल्या दूर जाऊन रिकाम्या हातानं."

बेटावर पोचलो तेव्हा पाणी आधीच तापलेलं होतं. पुस्तकातला जांभळा, पिवळा रंग शोधावा लागत होता. जिकडे पाहावं तिकडे पांढरं. आम्हाला प्रत्येकी वीस प्रवाळं नेमून दिली होती. रोज खाली जायचं आणि पाण्याखाली लिहिता येतं अशा प्लास्टिकच्या पांढऱ्या पाटीवर पेन्सिलीनं एकेकाची अवस्था लिहायची. त्यांच्यावर सावली धरता येत नव्हती, पाणी थंड करता येत नव्हतं. नुसतं लिहायचं. माझं सतरा नंबरचं प्रवाळ फुलकोबीएवढं होतं आणि का कोण जाणे, माझा त्याच्यात जीव अडकला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्यावर हिरवट शेवाळ धरलेलं दिसलं. म्हणजे संपलं. तरी मी पाटीवर लिहिलं, 'पांढरं, जिवंत.' दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅडम माझ्यासोबत खाली आल्या आणि त्यांनी पाहिलं. वर आल्यावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, जे दिसलं ते लिहिता येत नसेल तर उद्यापासून होडीत बस. मी ते खोडून नीट लिहिलं.

परत आले तर चाचा वाशीमला दवाखान्यात. फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती, आणि त्यावर आता फार काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. ज्या माणसाच्या दमावर गावानं पैजा लावल्या, तो उशीला टेकून हवा ओढत होता. पहिल्या दिवशी मास्क थोडा वेळ निघायचा. तेव्हा मी त्यांना सतरा नंबरचं सांगितलं. ते हसले, मग बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "तुह्या वर्गातली ते पोट्टी... तिच्या मायनं मले इचारलं होतं, तिनं हाका मारल्या असतीन का? मी म्हनलं, नाई बाई. पडल्याबराबर डोक्शाले लागलं, तिले काई समजलंच नाई." थांबले. "नखात शेवाळ होतं तिच्या. धाई बोटांच्या." मी त्यांची उशी वर सरकवली. चाचा म्हणाले, "खाली जे दिसते ते दिसते. वर आल्यावर काय सांगाचं, ते समोर कोन उभं हाये त्याच्यावर हाये."

दुसऱ्या दिवशी मास्क कायमचा लागला. बोलता येईना म्हणून मी माझी पाटी त्यांना दिली. त्यावर ते 'पाणी' लिहीत, 'घरी जा, जेव' लिहीत. नर्सनं आम्हाला एक काम दिलं होतं: दर तासाला मिनिटभर श्वास मोजायचे आणि तीसच्या वर गेले की येऊन सांगायचं. चाची आकडेमोडीला घाबरायची, म्हणून ते काम माझ्याकडे. मी घड्याळ लावायचे, छातीकडे पाहायचे, मोजायचे, वहीत लिहायचे. मोजून झालं की चाचा पाटीवर लिहायचे, 'किती?' चौतीस असायचे. मी म्हणायचे, चोवीस. अडतीस असायचे, मी म्हणायचे सव्वीस. ते मान डोलवायचे आणि लिहायचे, 'बराबर.' मग मी बाहेर जाऊन नर्सला खरा आकडा सांगायचे. ती येऊन मशीन थोडं कमीजास्त करायची, आणि पुढचा तास लागायचा. चार दिवस मी दुसरं काहीही केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतंच. पाचव्या दिवशी अहवाल द्यायचा होता म्हणून मी निघाले. पाटी त्यांच्यापाशीच ठेवली. त्यांनी हात वर केला, जा, असा. दोन दिवसांनी बाबांचा फोन.

पुढच्या आठवड्यात मी घरी गेले तेव्हा चाचीनं पाटी एका जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवली होती. म्हणाली, "तुही हाये ना, ने बाप्पा. मह्याच्यानं पाहवत नाई." दुकानाचं शटर खाली होतं. बाहेर कोणाची तरी उघडून ठेवलेली मोटर तशीच पडलेली होती.

घरी येऊन मी ओढणी सोडली. पुढच्या बाजूला तेच, 'पाणी', 'जेव', 'किती?', एकावर एक गिरवलेलं. पाटी उलटी केली, तर मागे आकडे. चाचांच्या अक्षरात, एकाखाली एक, दर तासाचे. मी नर्सकडे गेले की ते लिहीत असणार. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते पाहून माझ्यासोबत तेही मोजत होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी वही काढून शेजारी ठेवली. चौतीस, चौतीस. अडतीस, अडतीस. एकही चुकलेला नाही.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा खाली जायचंय आणि मला पाटी लागणार आहे. ही पेन्सिल पाण्यानं जात नाही, पण भांड्याच्या पावडरनं एका घासणीत निघते. मी पावडर आणून ठेवली आहे. पाटी अजून ओढणीतच आहे. मागच्या बाजूला सगळ्यात खाली त्रेचाळीस लिहिलंय. मी निघाले त्या सकाळचा तो आकडा. मी त्यांना सांगितलं होतं, अठ्ठावीस. आणि चाचांनी माझ्याकडे पाहत, सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं होतं, 'बराबर.'