शांताबाईची साक्ष

सुरतेच्या डिंडोलीत शांताबाईची खानावळ होती. बाई धरणगावकडची. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, खोकून खोकून गेला, तेव्हा हिनं चूल मोठी केली. वीस-बावीस कामगार तिच्याकडे जेवत. खात्यात माग मिळायचा तर कुणाची तरी ओळख लागे, म्हणून नवा माणूस आला की शांताबाई मुकादमाला ठासून सांगे, "हाऊ मना गावना शे." माणूस ओरिसाचा असो की बिहारचा, तिच्या तोंडी तो धरणगावचाच. त्यात तिला पाप वाटत नसे. असं सांगूनच आमच्या गावाकडच्या माणसांनी सुरतेत पाय रोवले.

एकरामुल बंगालातल्या मालद्याचा. चाळिशीचा, अबोल. भाकरी कुस्करून भातासारखी कालवायचा. पंचाण्णव साली पोलीस बांगलादेशी शोधत आले आणि बंगाली बोलेल त्याला उचलून घेऊन गेले, एकरामुललाही. शांताबाई डबा घेऊन चौकीवर गेली. एका कोठडीत सतरा जण, एकच बादली, निजायचं पाळीपाळीनं.

फौजदारानं एकरामुलकडे बोट करून विचारलं, "मासी, आ कोण छे?"

सवयीनं ती बोलून गेली, "माझ्या गावचा, साहेब. लहानपणापासून ओळखते."

फौजदारानं ते लिहून घेतलं. खाली तिचा अंगठा घेतला.

बाराव्या दिवशी मालद्याहून ग्रामपंचायतीचा दाखला आला. खरा, शिक्क्याचा. तो घेऊन शांताबाई एका वकिलांसह चौकीवर धावली.

वकील म्हणाले, "चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करायला हवं होतं. बारा दिवस झाले, साहेब."

"ते राहू द्या," फौजदार म्हणाला. "मासी म्हणते धरणगावचा, कागद म्हणतो मालद्याचा. मग कागदही बनावटच की."

"कागद खरा आहे. खोटं मी बोलले. मला आत टाका!"

"तुला टाकलं तर यांना जेवण कोण आणेल?" शिपाई खो खो हसले.

वकिलांनी अर्ज केला. सोमवारची तारीख मिळाली. शनिवारी सकाळीच सतराही जणांना दोरीनं बांधून सरहद्दीपार धाडायला स्टेशनवर नेलं. शांताबाई धापा टाकत गाडीच्या डब्याच्या खिडकीशी पोचली. तिनं भाकरीचं फडकं आत दिलं. एकरामुलनं ते बांधल्या हातांनी धरलं.

"मौसी, सरहद्दीची वाट माझ्याच जिल्ह्यातून जाते," तो म्हणाला. "घरी एकदा निरोप तरी देऊ देतील का? विचार ना."

ती त्याच्या शेजारी बसलेल्या शिपायाला विचारू लागली. शिपायानं हात लांब करून खिडकी खाली ओढली.