बरणीतलं पाणी

काका गेल्याची बातमी घेऊन माझा चुलतभाऊ हरी वसतिगृहावर आला, तेव्हा मी प्रात्यक्षिकाच्या वहीत आलेख काढत बसलो होतो. "बाबा गेलं," एवढंच म्हणून तो दाराशी उभा राहिला. मी पेन्सिल खाली ठेवली. रडू यायला हवं होतं. पण त्याआधी, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं... आता ते मला काही विचारणार नाहीत. या एका क्षणाची लाज मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे. लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

काशिनाथकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पनवेलच्या खाडीकाठी एका शेठच्या मिठागरावर त्यांचं आयुष्य गेलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की उरलेलं पाणी वेळेवर सोडून द्यायचं. त्या पाण्यात कडू क्षार असतात. ते जास्त दिवस राहिलं, तर चांगल्या मिठावर कडवटपणा चढतो आणि मीठ ओलसर राहतं. पाणी केव्हा सोडायचं हे काका ठरवत. दोन बोटं पाण्यात बुडवायची, अंगठ्याशी घोळायची आणि मान हलवायची. करंजाहून मासे खारवण्यासाठी मीठ न्यायला येणाऱ्या बायका ढिगाकडे बघायच्याही नाहीत. "काशिनाथनं पानी सोडलंय ना? मंग भरा," म्हणायच्या.

मला बी.एस्सी.ला पाठवावं की नाही, यावर घरात पुष्कळ दिवस बोलणं चाललं होतं. ते काकांनी एका वाक्यात संपवलं. वडिलांना म्हणाले, "जाऊ दे त्याला. एक मान्स कमी झालं म्हनून खाडी काय आटत नाय." मी पदार्थविज्ञान आणि रसायन घेतलं. दोन्ही विषय जिथे एकमेकांना भेटतात, म्हणजे द्रावणं, स्फटिक, घनता, तो भाग मला फार आवडायचा, कारण पुस्तकात आमचंच मिठागर वाचतोय असं वाटायचं. हे मी वर्गात मात्र कधी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईहून एक हायड्रोमीटर विकत आणला. काचेची नळी, खाली शिशाचे दाणे, वर आकडे. पाणी जितकं जड, तितकी नळी वर तरंगते. शेठ वाफ्यावर आले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "काका, आता बोटं बुडवायची गरज नाही."

"बरं झालं," काका हसले. "न्हायतरी भेगा पडल्यात."

भर दुपारी मी नळी पाण्यात सोडली, आकडा वाचला आणि सांगितलं की अजून दोन दिवस आहेत. काकांनी सवयीने बोटं घोळली. "हाताला तेलावानी लागतंय रं. आजच सोडू."

"तेलावानी म्हणजे किती?" मी विचारलं.

काकांनी बोटं पुन्हा पाण्यात बुडवली. शेठ मोठ्याने म्हणाले, "काशिनाथ, तुझ्या बोटांवर काय आकडे छापलेत का? पोरगा शिकलाय, त्याचं ऐक." सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

पाणी दोन दिवसांनी सोडलं. ते मीठ कडू निघालं. करंजाच्या बायकांनी चिमूट जिभेवर ठेवून तिथेच थुंकली. त्यांतली एक म्हणाली, "काशिनाथ, तुजी बोटं म्हातारी झाली का काय?" मोसमाचा शेवटचा ढीग तसाच पडून राहिला. शेठ संतापून आले तेव्हा मी काकांच्या मागे उभा होतो, नळी माझ्या हातातच होती. काका म्हणाले, "पोराची नळी बरोबर बोलत व्हती, शेठ. मीच पानी सोडायला उशीर केला." मी खाली पाहिलं. पुढच्या मोसमात पाणी दुसरा माणूस बघेल, काशिनाथने नुसतं मीठ ओढायचं, असं शेठनी तिथल्या तिथे ठरवलं.

सुट्टी संपली. जुलैत प्रयोगशाळेत एकदा सरांनी माझ्याच हातात तसाच हायड्रोमीटर दिला आणि आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. साठ अंश फॅरनहाइट. म्हणजे ही नळी तेवढ्याच उष्णतामानाला खरी. पाणी तापलं की हलकं होतं, नळी जास्त बुडते आणि आकडा कमी दिसतो. मे महिन्यातल्या दुपारचं वाफ्यातलं पाणी पायाला चटके देतं. मी ते थंड समजून वाचलं होतं... सर पुढे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

दिवाळीत कबूल करायचंच, असं ठरवून गावी आलो. काका परसात होते. त्यांच्यासमोर काकीची लोणच्याची बरणी आणि मी मागे टाकून गेलेली नळी. नळीला दोन दोरे बांधलेले. काकी ओट्यावरून करवादली, "लोनचं घालायला बरनी नाय, आन यांचं कडू पानी मुरतंय सा म्हयने!"

"तू गप गं," म्हणत काकांनी मला जवळ बसवलं. "ह्ये त्याच वाफ्यातलं पानी. सकाळी नळी हितवर बुडते, तांबडा दोरा. बरनी उन्हात ठेवली की दुपारी हितवर, पांढरा दोरा. पानी त्येच, नळी तीच. मंग असं का रं? तुज्या मास्तरांना इचार."

दोन दोऱ्यांत भाताच्या दाण्याएवढं अंतर होतं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

"सावकाश सांग. घाई नाय."

माघात ते गेले. त्यांना उत्तर कळलं होतं आणि मला बोलायला वाट करून देत होते, की खरंच विचारत होते, हे मला कधीच कळणार नाही. तेराव्यानंतर शेठना सांगायला गेलो आणि पायरीवरून परत आलो. ते वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथे लिहितो: त्या दिवशी काशिनाथकाका चुकले नव्हते. मी चुकलो होतो. आणि गेल्या जुलैपासून ते मला ठाऊक होतं.

परत निघायच्या दिवशी काकीने विचारलं, "ही बरनी रिकामी करू का आता?" मी थांब म्हटलं. बरणी परसात उन्हात ठेवली आणि दुपारपर्यंत शेजारी बसून राहिलो. मग नळी सोडली. ती हलली, डोलली, स्थिर झाली. पाणी पांढऱ्या दोऱ्याला टेकलं होतं.

एवढ्या वर्षांत मी त्या पाण्यात कधी हात घातला नव्हता. दोन बोटं बुडवली, अंगठ्याशी घोळली. तेलावानी लागलं.