दोनदा उसवलेलं हँडल

बॅगकाकांचं दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना पोट आत ओढून घ्यावं लागायचं. बॅगांच्या चेनी, सुटकेसची हँडलं, पर्सचे पट्टे, जे काही तुटेल ते त्यांच्याकडे यायचं आणि धडधाकट होऊन परत जायचं. शिवण सगळी हातची. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोऱ्याला मेण चोळलेलं, आरीनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई आरपार. असा टाका तुटला तरी शेजारचा जागचा हलत नाही. सगळ्या बाजारात त्यांच्या कामाला नाव ठेवणारं कुणी नव्हतं. नाव ठेवणारं माणूस होतं ते घरचं होतं.

ते माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण, ताई.

आई गेली तेव्हा काका नऊ वर्षांचे होते आणि ताई एकोणीस. ताईंनी लोकांचे कपडे शिवून घर चालवलं आणि भावाला वाढवलं. एकदा त्याच्या दप्तराचा पट्टा तुटला, तर ताईंनी सुई-दोरा हातात दिला आणि म्हणाल्या, "तुझा तू शिव." बिचाऱ्यानं तासभर घाम गाळून शिवला. ताईंनी पट्टा उलटा-सुलटा करून पाहिला आणि एकच शब्द उच्चारला.

"उसव."

त्या दिवशी तो पट्टा चार वेळा उसवला गेला. पाचव्यांदा शिवून होईपर्यंत अभ्यास राहिला आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांचा मार बसला तो वेगळाच. पण पुढे दप्तर फाटलं तरी पट्टा काही हलला नाही. काकांचा धंदा ठरला तो तिथे. आणि ताईंचा शब्दही तिथेच ठरला. काकांनी दुकान टाकलं, तर पाटीवरची अक्षरं तिरकी. पहिली अख्खी सुटकेस स्वतःच्या हातानं बनवून दाखवायला नेली, तर "कोपरा दबलाय, उसव." काका मुकाट्यानं उसवायचे. काकू चिडायच्या, "अहो, दुकान तुमचं आहे का वन्संचं?" काका म्हणायचे, "दुकान माझं आहे गं. हात तिचे आहेत."

आता काका त्रेसष्ट वर्षांचे. गुडघे कुरकुरत होते, डोक्यावर मोजून सतरा केस. आणि या माणसाच्या मनात एवढीच इच्छा उरली होती, की मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, ताईनं आपलं काम हातात घेऊन "छान झालंय" म्हणावं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंना अर्थात माहीत होतं.

तर असं असताना ताईंच्या रेडिओचं हँडल तुटलं.

रेडिओ जुना, खोक्यासारखा, हातात धरून न्यायचा. ताई एकट्याच राहायच्या, आणि दोन वर्षांपासून त्यांना रेडिओचं भलतंच वेड लागलं होतं. स्वयंपाकघरात जाताना रेडिओ, गॅलरीत जाताना रेडिओ, झोपायच्या खोलीत रेडिओ. हँडल म्हणजे आत पोलादी पट्टी आणि वर चामडं. चामडं वाळून कडक झालेलं. एका सकाळी उचलताना ते स्क्रूपाशी तुटलं आणि रेडिओ ताईंच्या पायावर पडला. रविवारी काका नेहमीप्रमाणे भेटायला गेले, तर त्यांना पायाची सूज दाखवण्यात आली, जणू रेडिओ त्यांनीच टाकला होता.

"तुझ्या खात्याचं काम आहे," ताई म्हणाल्या. "आणि चामडं तेच राहू दे. माझ्या हाताला तेच सवयीचं आहे."

काकांच्या अंगात वारं भरलं. आता हीच संधी! हँडल काढून दुकानात आणलं, जुनी घाण ओल्या फडक्यानं पुसली, तेल-मेण रोज थोडं थोडं चोळत चामडं पाच दिवस मुरवलं. एकदम तेलात बुडवलं असतं तर त्याचा लगदा झाला असता. टोकांना आतून नव्या चामड्याचं अस्तर लावलं आणि दोन्ही कडांनी असे टाके घातले, की शेजारचा घड्याळवाला भिंग घेऊन बघायला आला आणि तोंडात बोट घालून परत गेला.

रविवारी काकांनी ते रेडिओला बसवलं आणि श्वास रोखून उभे राहिले. ताईंनी हँडल डोळ्यांजवळ नेलं, मान तिरकी केली.

"टाका वाकडा आहे. उसव."

"कुठला?"

"मी सांगायचं? इतकी वर्षं झाली, बाळ्या, अजून मीच सांगायचं?"

काका घरी आले ते तोंड पाडून. बाकी सगळं मात्र त्या दिवशी नेहमीसारखंच झालं होतं. दारातच ताईंनी दरडावून विचारलं होतं, "कोण आहे? तोंड नाही का?" चहा ओतताना कपात बोट घालून गरम आहे का बघितलं होतं. मग वर्तमानपत्र पुढ्यात टाकलं होतं, "वाच मोठ्यानं. तुझं वाचन कच्चंच राहिलं." आणि काकांनी पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत अख्खा पेपर वाचून दाखवला होता. शिस्त म्हणजे शिस्त!

दुसऱ्या रविवारी नव्यानं शिवलेलं हँडल घेऊन गेले. "उसव." आता मात्र जुन्या चामड्यानं हात टेकले. भोकांवर भोकं पडून त्याची कड पोस्टाच्या तिकिटासारखी झाली होती, आणि तिसऱ्यांदा आरी लावताच ती टर्रकन फाटली. काका कपाळाला हात लावून बसले. मग त्यांनी आपल्याशीच म्हटलं, तिला टाक्याचाच जाच आहे ना? दाखवतच नाही टाका! त्यांनी जुनं चामडं रापीनं तासून पातळ केलं, भरावासारखं पट्टीला गुंडाळलं, वरून नवं मऊ चामडं ओलं करून ताणून बसवलं, आणि शिवण एकच घातली, तीही खालच्या अंगाला, बोटं वळतात तिथे. वरून हँडल अगदी गुळगुळीत, एक टाका नाही.

तिसऱ्या रविवारी ताईंनी ते हातात घेतलं. वरची बाजू डोळ्यांना जवळजवळ टेकवली. पुष्कळ वेळ बघितलं.

"वरचा सातवा टाका वाकडा आहे," त्या म्हणाल्या. "उसव."

काकांच्या मनात अक्षरशः उकळ्या फुटल्या. सापडली! चोपन्न वर्षांनी ताई रंगेहात सापडली! आता तिला हँडल उलटं करून दाखवायचं, मोठ्यानं हसायचं, काकूंना बोलावून सांगायचं, घड्याळवाल्याला सांगायचं. त्यांनी तोंड उघडलं, आणि ताईंच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

ताई हँडलकडे बघतच नव्हत्या. त्या खिडकीच्या उजेडाकडे बघत होत्या, आणि डोळ्यांत बुबुळावर राखाडी साय होती.

काकांचं तोंड तसंच मिटलं. कपातलं बोट, "कोण आहे, तोंड नाही का", वर्तमानपत्र, रेडिओ, सगळं एकदम त्यांच्या अंगावर कोसळलं. दोन वर्षं! दर रविवारी समोर बसत होतो आणि हिला दिसत नाही हे आपल्याला दिसलं नाही. आंधळं नक्की कोण? त्यांना स्वतःची लाज वाटली.

"हो ताई," ते कसंबसं म्हणाले. "वाकडाच आहे."

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकू मटकन खाली बसल्या. "अगं बाई! म्हणून मागे मला दारात 'ये रे बाळ्या' म्हणाल्या होय? मला वाटलं, मी सुटलेय म्हणून टोमणा मारला. महिनाभर बोलले नाही हो मी त्यांच्याशी."

आता ताईंना डॉक्टरकडे न्यायचं कसं, हा खरा पेच होता. ताई सुईला घाबरत नव्हत्या, पण ती दुसऱ्याच्या हातात असली की घाबरायच्या. सरळ विचारलं असतं तर त्यांनी काकांनाच उसवलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी काका गेले आणि म्हणाले, "ताई, रेडिओ घेऊन दुकानात चल. स्क्रूची भोकं मोठी करायचीत. आणि समोर बसून एकदाच काय ते सगळे टाके सांग."

हा मान ताईंना नाकारता आला नाही. काकांनी एका हातात रेडिओ घेतला, दुसऱ्या हातानं ताईंचा दंड धरला आणि दुकानाच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळले. दवाखान्याच्या पायरीवर औषधाचा वास आला तशा ताई थांबल्या.

"बाळ्या, हे तुझं दुकान नाही. फसवलंस मला?"

"तू मला दोन वर्षं फसवलंस."

मग काकांनी जन्मात कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात ताई म्हणाल्या, "भीती वाटते रे. उरलंसुरलं तेवढंही गेलं तर?"

"मी बाहेर बसतो," काका म्हणाले. "हलणार नाही. रेडिओ लावून बसतो. तुला आत ऐकू येईल."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. "आजी, तुम्ही इतके दिवस चालत होतात तरी कशा?"

"पायांनी," ताई म्हणाल्या.

चार दिवसांनी आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काका बाहेर बाकावर रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. कंपाउंडरनं तीनदा आवाज कमी करायला लावला, काकांनी तीनदा पुन्हा वाढवला. बाजाराचे भाव लागले होते, शेतीविषयक सल्ला लागला होता, काकांना एक अक्षर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. ताईंनी डोळा मिचकावला, खोलीभर नजर फिरवली आणि ती काकांवर येऊन थांबली.

"हा म्हातारा कोण?"

"ताई, मी."

"अरे देवा," ताई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे करून काकांचा गाल चाचपला. "बाळ्या, तू एवढा थकलास कधी? कुणी मला सांगितलं का नाही?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तशा डॉक्टरीणबाई ओरडल्या, की आज रडायचं नाही. ताईंनी ताबडतोब रडणं थांबवलं आणि म्हणाल्या, "तो रेडिओ इकडे आण."

काकांनी रेडिओ त्यांच्या पुढ्यात ठेवला. ताईंनी हँडल हात लांब करून खिडकीच्या उजेडात धरलं. वरून बघितलं. मग रेडिओ आडवा करून खालची शिवण बघायला लागल्या, एका टोकापासून, टाका-टाका करत. काकांना नऊ वर्षांचं झाल्यासारखं वाटत होतं. ताईंचं बोट शेवटाजवळ थांबलं.

"इथं आरी घसरली होती तुझी. भोक जास्तीचं पडलं. मेण भरून वरून पॉलिश मारलंस."

खरं होतं. दुकानात ही शिवण घालताना गुडघ्यात कळ आली आणि आरी सटकली होती. हे काकांनी काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि घड्याळवाल्यानं हेही हँडल भिंगाखाली धरलं होतं, तरी त्याला ते सापडलं नव्हतं.

"दिसलं!" काका ओरडले. "अहो डॉक्टर, दिसलं हिला! चुकलोय मी! बरोबर तिथेच चुकलोय!" ते हसत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते. कंपाउंडर धावत आला. काकांना त्याची पर्वा नव्हती, त्यांनी स्क्रू काढायला हात पुढे केला. "आण इकडे. आत्ता नेतो, उसवतो, उद्या सकाळी नवीन शिवून—"

ताईंनी रेडिओ मांडीवर ओढून घेतला आणि हँडलवर मूठ घट्ट आवळली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नको उसवू."

काकांचा हात तसाच पुढे राहिला.

"काय म्हणालीस?"

"बहिरा झालास का?" ताई म्हणाल्या. "राहू दे म्हटलं."