पाहुणे आले की गोळी नाही

‘सोशिक’ हा शब्द कुणी कौतुकानं उच्चारला की मला आजही शिसारी येते. आमच्या मखमलाबादच्या घरात तो एकाच बाईसाठी राखून ठेवलेला होता. ती माझी थोरली जाऊ, झुंबरअक्का.

मी ब्याण्णव साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, तिची ओळखच तशी करून दिली. “ही झुंबर. तीन बाळंतपणं झाली, पण शेजारच्या खोलीत आवाज नाय गेला. लय सोशिक.” अक्का खाली मान घालून हसली.

आमची गुलाबाची आणि शेवंतीची शेती. एकदा तिच्या तळहातात गुलाबाचा काटा मोडून पिकला, तर आत्याबाईंनी शेजारणींना बोलावून सगळ्यांच्या देखत तो सुईनं उकरला. बैलबाजारात बैलाचे दात दाखवावेत तसा तिचा हात फिरवून दाखवत होत्या. “बघा, डोळ्यात टिपूस नाय!” अक्का भिंतीकडे बघत होती. बायका चहा पिऊन गेल्या आणि मला मोरीत जाऊन ओकारी काढावी लागली. दाढ काढायला नेली तेव्हा माझे दीर कारभारीभाऊजी डॉक्टरला म्हणाले, “सुई कशाला? तिला काय होत नाय.” डॉक्टर भला माणूस, त्यानं ऐकलं नाही.

अक्का शिकलेली नव्हती, दिसायला बेताची, भाकरी करपवायची. दुसऱ्या कशाबद्दल तिला कधी कुणी चांगलं म्हटलं नाही. एवढं एकच कौतुक तिच्या वाट्याला आलं होतं आणि ते ती गच्च धरून बसली होती.

दोन हजार दोनला तिच्या गालाच्या आत फोड आला. जन्मभर मिश्री लावलेली. फोडाची गाठ झाली, गाठ कानापर्यंत सरकली, आणि ‘सोसतंय’ म्हणता म्हणता ऑपरेशनची वेळ निघून गेली. तिच्या गालाला येणाऱ्या वासाची मला कधी किळस आली नाही. घरातल्या धडधाकट माणसांची आली.

नाशिकच्या एका दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टर साधनाबाईंनी नुसतं दुखणं कमी करायची वेगळी ओपीडी काढली होती. तिथे आम्ही तिला नेलं.

“दहापैकी किती दुखतं?” बाईंनी विचारलं.

“काय नाय मॅडम, सोशिक हाय ती,” भाऊजी म्हणाले.

“तुम्हाला नाही विचारलं.”

“सोसतंय,” अक्का पुटपुटली.

“सोसतं का, हे मी विचारलंच नाही. दुखतं किती?”

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्याला दिसू नयेत अशी पदराआड दोन्ही हातांची सगळी बोटं उघडली. बाईंना दिसली.

त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि मला बजावून सांगितलं, “दुखायची वाट बघायची नाही. घड्याळ बघून दर चार तासांनी द्यायची, चमच्यात पाण्यात विरघळवून. सुरुवातीला गुंगी येईल, घाबरू नका. पण गोळी चुकवायची नाही.”

त्या गोळीवर अक्का पहिल्यांदा शांत झोपली. मला वाटलं, सुटली बिचारी.

कसली सुटते! आमच्यात माणूस जायला लागलं की गणगोत भेटायला येतं. बिस्किटाचे पुडे, नारळ, आणि वर सल्ले. मी सकाळी फुलबाजारात जायचे, दुपारची गोळी आत्याबाईंकडे असायची. मी परत यायचे तेव्हा अक्का भिंतीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन, घामानं निथळत बसलेली असायची आणि भोवती पाहुणे. एक दिवस पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं. दुपारच्या गोळ्या तशाच होत्या.

“माणसं लांबून येतात अन् ही गुंगीत पडलेली, बरं दिसतं का?” आत्याबाई म्हणाल्या. “पाहुणे गेले का देते मी. अन् अफूच ना ती शेवटी!”

मी भांडले. भाऊजी आत्याबाईंच्या बाजूनं. आणि अक्का? तीही म्हणाली, “राहू दे गं छाया. थोडा वेळ तर असतं.” तिच्यावरही मी चिडले, खोटं कशाला बोलू?

पुढे नामपूरची, अहिराणी बोलणारी मंडळी आली. दुपारची वेळ टळून गेली होती, गोळी दिलेली नव्हती. मी फुलांची पाटी टेकवून आत आले, तर आत्याबाईंचं चालू होतं, “बघा, एवढं झालं पण हूं का चूं नाय.” बयाबाई नावाच्या पाहुणीनं बिस्किटाचा पुडा अक्काच्या मांडीवर ठेवला. “लई सोशिक शे बाई!”

अक्काचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. ती त्या पुड्याकडे बघत राहिली. मग जड जिभेनं म्हणाली, “दुखतंय.”

कुणाला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तिनं पुडा खाली ढकलला. “दुखतंय. गोळी द्या मला. लय दुखतंय.” आणि ती ढसाढसा रडायला लागली. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं उचलला नाही.

“अगं, चारचौघांत…” आत्याबाई कुजबुजल्या.

मी चमच्यात गोळी विरघळवली आणि त्या चारचौघांतच तिला पाजली. बऱ्याच वेळानं ती सगळ्यांसमोर आडवी होऊन झोपली. पाहुण्यांनी चुळबुळ करत चपला शोधल्या. गोळ्यांचं पाकीट मी माझ्या ट्रंकेत टाकलं, आणि फुलबाजार नवऱ्याच्या गळ्यात घातला.

मग गोळी वेळेवर मिळाली. गुंगीही ओसरली. अक्का उन्हात बसून शेवंतीच्या वेण्या करायची. एकदा मी विचारलं, “अक्का, बाळंतपणात खरंच काही वाटलं नव्हतं का गं?”

“सगळं दुखायचं,” ती म्हणाली. “काटासुद्धा. तुम्हाला काय वाटलं?”

शेवंतीचा हंगाम सरता सरता ती गेली. दहाव्याला बायका जमल्या तेव्हा आत्याबाईंनी डोळे पुसत सांगितलं, “जन्मभर सोसलं पोरीनं. शेवटी तेवढी कमी पडली.” मी तिथून उठून नदीकडे गेले, नाहीतर त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

पुढे दोन हजार पाचला आत्याबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्याच दवाखान्यात, त्याच साधनाबाई. आत्याबाईंच्या ओरडण्यानं अख्खा वॉर्ड गोळा झाला होता. “मेले गं माय! आधी सुई द्या मला!”

आत्याबाईंना विचारलं तर नुसतं ओरडणंच ऐकू आलं, तेव्हा बाईंनी मला विचारलं, “किती दुखतंय यांना?”

जिभेच्या टोकावर आलं होतं: काही नाही मॅडम, लय सोशिक आहेत त्या. भाऊजी माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “दहापैकी दहा. द्या लवकर.”

इंजेक्शन दिलं. कण्हणं हळूहळू थांबलं. आत्याबाईंनी माझा हात धरला. “बरं वाटतंय गं. झुंबरच्या गोळ्या… अशाच होत्या का?”

“अशाच,” मी म्हणाले. “पाहुणे आले की तुम्ही द्यायच्या नाहीत, त्याच.”

पण औषध लागू झालं होतं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्या घोरायला लागल्या.